तेरा मासे, तेरा दिवस: दोन फुटी टाकीत कोण कोणाबरोबर नांदतं?

घोडबंदरकर | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

लेकीच्या आठव्या वाढदिवसाला फिशटँक घेतला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. दुकानदाराच्या माणसाने सकाळी टाकी मांडून दिली, निळे खडे घातले, वर फिल्टर बसवला, झाकण उघडमीट करत बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा ठेवला आणि संध्याकाळी मासे सोडून गेला. यादी अशी: गोल्डफिशची एक जोडी, एंजलची एक (चांगली तळहाताएवढी), टायगर बार्बची एक, शार्कची एक, नियॉन टेट्राच्या दोन जोड्या आणि "काच साफ ठेवेल" म्हणून एक सकर. एकूण तेरा.

तिसऱ्या दिवशी दोन नियॉन नाहीसे झाले. मेले नाहीत, नाहीसे झाले. फिल्टर उघडून पाहिला, टाकीमागे टॉर्च मारला. पाचव्या दिवशी एंजलच्या पोटाखाली जे दोन लांब दोरे असतात ते कुरतडलेले दिसले. नवव्या दिवसापासून रोज सकाळी कोणीतरी वर तरंगत असतं. आज तेरावा. (हो, लिहिताना लक्षात आलं.) उरलेत एक गोल्डफिश, दोन्ही टायगर बार्ब आणि सकर.

दुकानदार म्हणतो, "साहेब, नव्या टाकीत असं होतंच, अजून दोन जोड्या घेऊन जा." लेक आता दप्तर भरताना टाकीकडे पाठ करून बसते. आधी मला कळू दे की कोणते मासे एकत्र राहतात, मगच पुढचा मासा घरात येईल.

कुर्ल्याचा रविवार | रविवार, रात्री ११:१५

पंधरा वर्षं दर रविवारी सकाळी कुर्ल्याच्या मासेबाजारात चकरा मारतोय, त्या अधिकाराने लिहितो. तुमची यादी म्हणजे वाघ, बकरी, हत्ती आणि उंदीर एकाच रिक्षात.

नियॉनचं गूढ आधी सोडवू. ते एंजलच्या पोटात गेले. एंजल दिसायला फुलपाखरू, पण सिक्लिड कुळातला, शिकारी. तोंडात मावेल ते अन्न. आणि नियॉन जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर. एंजलचे दोरे टायगर बार्बने खाल्ले. हा मासा आठ-दहाच्या टोळक्यात असला की आपसात खोड्या काढतो. दोनच असले की शेजाऱ्यांच्या शेपट्या नि पंख कुरतडत बसतो. गोल्डफिश गार पाण्याचा, १८ ते २२ अंशांत खूश, आणि घाण इतकी करतो की दोन फुटात त्याचं एकट्याचंच भागत नाही. सकर आज बोटभर आहे, पूर्ण वाढला तर चाळीस सेंटिमीटर. काच तो साफ करतो खरा, पण विष्ठाही भरपूर खाली सोडतो.

शार्क तर बोलूच नका. तो शार्क नाही, पंगास आहे. मेकाँग नदीतला, मीटरभर वाढणारा. मासळीवाले 'बासा' म्हणून पांढऱ्या वड्या विकतात ना, त्यातला बराचसा हाच.

आता मुद्द्याचं. या सगळ्या गोंधळाचं मूळ 'जोडी' या शब्दात आहे. आपल्याकडे मासे जोडीने विकतात, भावसुद्धा जोडीचा सांगतात, आणि आपल्यालाही बरं वाटतं की बिचाऱ्याला एकटं नको. पण माशांचा संसार असा नसतो. नियॉन, डॅनिओ, बार्ब, कोरी हे कळपातले. सहाच्या खाली घाबरून कोपऱ्यात बसतात. फायटर एकांतातला, दोन नर एकत्र ठेवले तर एक मरणार. गप्पी, मॉली, प्लॅटीत एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात, नाहीतर नर एकीचाच पिच्छा पुरवून तिला दमवून मारतो. 'एक नर एक मादी' हे गणित दुकानात जे मिळतं त्यातल्या फार थोड्यांना लागू पडतं.

खवय्या | रविवार, रात्री ११:२२

म्हणजे शार्कला दोन वर्षं सांभाळलं असतं तर लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला फिश फिंगर घरचेच? हलके घ्या.

मास्तर_निवृत्त | सोमवार, सकाळी ६:०५

खवय्या, सकाळी सकाळी हसवलंत.

घोडबंदरकर, रविवार साहेबांनी सांगितलं ते बरोबरच, पण नवव्या दिवसानंतरचे मृत्यू भांडणाने झालेले नाहीत. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, सवय जात नाही, म्हणून जरा फळ्यावर लिहितो.

मासे विष्ठा आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. उरलेलं खाद्य कुजलं की त्यातूनही अमोनिया निघतो. तो विषारी. टाकीत एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी; दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. फिल्टरच्या स्पंजावर, खड्यांवर, काचेवर चिकटून वाढतात, आणि त्यांना पुरेसं वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या टाकीत पहिल्या संध्याकाळी ते जवळपास शून्य होते आणि मासे तेरा. तुम्ही विरजण न लावता दूध ठेवलंत आणि सकाळी दही शोधताय.

उपाय तोच, विरजण. कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला फिल्टरचा काळपट स्पंज मिळवा, ओला ठेवूनच आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये घाला. आणि कृपा करून तो नळाखाली खळाळून 'स्वच्छ' धुऊ नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन रोगजंतूंना मारतं तसंच या जिवाणूंनाही मारतं. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा.

एक विचारायचं राहिलं. पाणी कुठलं? महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं?

घोडबंदरकर | सोमवार, रात्री ९:५०

मास्तर, तुम्ही विचारलंत म्हणून सोसायटीच्या चेअरमनना गाठलं. "तिन्ही," म्हणाले. महापालिकेचं येतं, कमी पडलं की बोअर, त्याहून कमी पडलं की टँकर, आणि सगळं एकाच टाकीत.

आमच्या आरओवाल्याकडे टीडीएसचा (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) पेन असतो. तो घेऊन गेल्या शुक्रवारी भरून ठेवलेल्या बादलीत बुडवला: ४६०. आजच्या नळाला: ११०. दर तीन दिवसांनी मी अर्धं पाणी बदलत होतो, दुकानदारानेच सांगितलं होतं "पाणी ताजं ठेवा".

कुर्ल्याचा रविवार | सोमवार, रात्री १०:१०

सापडला दुसरा खुनी.

मासे मऊ (कमी क्षारांच्या) पाण्यात राहतात, जड (जास्त क्षारांच्या) पाण्यातही राहतात, पण अर्ध्या तासात ११० वरून तीनशेवर नेलं तर अंगातलं मीठ-पाण्याचं गणित कोलमडतं. मुंबईचं तलावांचं पाणी मऊ म्हणून इथल्या दुकानातला नियॉन मऊ पाण्यातच आलेला असतो, आणि तो या बाबतीत सगळ्यात नाजूक.

तुमच्यासाठी नियम उलटा करा. आधी मासा आवडला आणि मग पाण्याचं बघू, असं नाही. पाणी असं आहे, त्यात कोण टिकेल? वीस-पंचवीस लिटरचा ड्रम घ्या, त्यात पाणी भरून दोन दिवस मुरू द्या, अँटीक्लोरीनचे थेंब घाला, पेनने मोजा, आणि आठवड्यातून एकदाच पाचवा हिस्सा बदला. आकडा मागच्या वेळेपेक्षा फार वेगळा आला तर त्या दिवशी बदलूच नका.

अनु_म्युनिक | सोमवार, रात्री १०:३५

म्युनिकचं पाणी इतकं जड आहे की किटलीत पांढरा थर बसतो. इथे मी तीन वर्षं नियॉनच्या मागे लागून फसले. मग शेजारच्या आजीने प्लॅटी दिल्या आणि तेव्हापासून टाकी स्वतःची स्वतः चाललीये. प्लॅटी, मॉली, गप्पी यांना जड पाणीच आवडतं. बोअरचं पाणी असणाऱ्यांनी उगाच आरओचं पाणी ओतत बसू नये, असं माझं मत. नुसत्या आरओत तर क्षार जवळजवळ नसतातच, तेही माशांना सोसत नाही.

शिवाजीनगरचा | मंगळवार, सकाळी ९:००

गप्पी विकत कशाला घेताय? डासांच्या अळ्या खातात म्हणून महापालिकेचा मलेरिया विभाग फुकट वाटतो. आमच्या सोसायटीच्या कारंज्यात पाच सोडले होते, आता मोजता येत नाहीत.

गोगलगाय | मंगळवार, सकाळी ९:४०

तीच तर अडचण आहे हो. गप्पीची मादी साधारण दर महिन्याला पिल्लं देते आणि एकदा नराचा संग झाला की पुढचे काही महिने नर नसला तरी देत राहते. मी 'फक्त माद्या' आणल्या होत्या. दिवाळीपर्यंत साठ. नातेवाइकांना वाटून झाले, ऑफिसात वाटून झाले, शेवटी लोक मला बघून लिफ्टमध्ये शिरायचे नाहीत. हवेच असतील तर फक्त नर घ्या, रंग त्यांनाच असतात.

उपराजधानी | मंगळवार, दुपारी १:३०

ठाणेकरांनो, तुमचं बरं आहे. आमच्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी ३४ अंशांवर जातं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि नेमकी त्याच वेळी माशांना जास्त लागतो, त्यात दुपारी लाइट जाते. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. बर्फाची बाटली टाकून अर्ध्या तासात धाडकन गार करण्यापेक्षा हे बरं. झाकण काढाल तिथे जाळी मात्र लावा. डॅनिओ उड्या मारतात. मला एक फ्रिजखाली सापडला.

नवशिक्यांना माझा सल्ला: बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधी घ्या, खजिन्याचा पेटारा नंतर.

सोनेरी | मंगळवार, दुपारी ४:१५

गोल्डफिशला सगळे शिव्या देताय म्हणून लिहिते. आमच्या दोघी तीन फुटी टाकीत सात वर्षं झाली राहतात. मोठा फिल्टर, इतर कोणी नाही, उकडलेला मटार सोलून दिला की हातातून घेतात. तो वाईट मासा नाही, त्याला दोन फुटी घर आणि गरम पाण्याचे शेजारी देणारा माणूस वाईट. गोल काचेच्या भांड्याबद्दल तर मी बोलतच नाही, रक्तदाब वाढतो.

कुर्ल्याचा रविवार | मंगळवार, दुपारी ४:३०

सोनेरी, +१. वाक्य मागे घेतो.

पऱ्ह्या | मंगळवार, रात्री ८:२०

देवरुखकडचा आहे. आमच्या घरामागच्या पऱ्ह्यात बारीक, अंगावर निळसर-पिवळ्या रेघा असलेले डॅनिओचे भाऊबंद झुंडीने फिरतात. लहानपणी पंचा धरून पकडायचो आणि बरणीत ठेवायचो. दुसऱ्या दिवशी मेलेले. वाहत्या, गार, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला मासा बरणीत जगायचा कसा? तेव्हा 'आपलेच गावचे मासे' म्हणून ओढ्यातून आणू नका. दुकानातले डॅनिओ पैदास केलेले असतात, ते टाकीला सरावलेले.

तांबड्या-काळ्या पट्ट्याचा 'मिस केरळ' दिसला तरी मोह आवरा. तो पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडच्या नद्यांचा. २०१३ साली त्याला वेगळी प्रजाती (जीनस) मिळाली, तिचं नावच 'सह्याद्रिया' ठेवलं. अभिमान वाटतो, पण तो पंधरा सेंटिमीटर होतो, सहाचा कळप लागतो, चार फुटांखाली त्याला ठेवणं म्हणजे घोडा गॅलरीत बांधणं. आणि जंगलातून पकडून पकडून तो संकटात आलेला मासा आहे.

तलावपाळी | मंगळवार, रात्री ९:०५

घोडबंदरकर, उरलेले चार तलावपाळीच्या तलावात नेऊन सोडा. तेही सुटतील, तुम्हीही. पुण्य लागेल.

पऱ्ह्या | मंगळवार, रात्री ९:१२

अजिबात नको! सकर हा दक्षिण अमेरिकेतला. असाच 'पुण्य' म्हणून सोडलेला आज कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळींत इतका माजलाय की कोळ्यांच्या जाळ्यात तोच येतो, काट्यांनी जाळं फाडतो आणि खायला कोणी घेत नाही. दुकानात परत द्या, पैसे नाही मिळाले तरी द्या.

तलावपाळी | मंगळवार, रात्री ९:२०

हे माहीत नव्हतं. शब्द मागे.

मास्तर_निवृत्त | बुधवार, सकाळी ६:१०

आता कोणीतरी त्यांना सरळ उत्तर द्या, नाहीतर धागा शंभरी गाठेल आणि टाकी रिकामीच राहील. मी सुरुवात करतो. टाकीत पाणी ५० लिटरच्या आसपास. 'माशाच्या एका इंचाला एक गॅलन पाणी' वगैरे सूत्रं विसरा. इंच-इंचभराचे दहा नियॉन आणि ऑस्करसारखा दहा इंचांचा एक धिप्पाड मासा यांत फरक आहे. तुमच्या मिश्र पाण्याला: आठ झेब्रा डॅनिओ आणि चार प्लॅटी (एक नर, तीन माद्या). डॅनिओ वरच्या थरात पळतात, प्लॅटी मधे. बस. खालचा मजला रिकामा राहिला तरी चालेल.

कुर्ल्याचा रविवार | बुधवार, सकाळी ७:४५

मास्तरांना दुजोरा. ज्यांचं पाणी कायम मऊ आहे, त्यांनी टाकी दोन-तीन महिने जुनी झाल्यावर दहा नियॉन, सहा कोरी आणि एक मधाळ रंगाची हनी गुरामी असा बेत करावा. कोरीला टोकदार खडे नकोत, बारीक वाळू हवी, नाहीतर मिशा झिजतात. एकच मासा हवा असेल तर फायटर. दुकानात तो पेल्यात ठेवतात म्हणून घरीही पेल्यात ठेवायचा नसतो. आणि त्याच्यासोबत गप्पी नकोत, लांब रंगीत शेपटी बघून तो त्यांना दुसरा नर समजतो.

घोडबंदरकर, टायगर बार्ब आवडत असतील तर आणखी सहा आणून फक्त त्यांचीच टाकी करता येईल. बाकी कोणी नाही.

मी कळव्याला राहतो. स्पंज देतो. शनिवारी संध्याकाळी ठाणे स्टेशन.

घोडबंदरकर | बुधवार, रात्री १०:३०

बार्बबद्दल लेकीला विचारलं. "शेपट्या खाणारे नकोत." विषय संपला.

घोडबंदरकर | शनिवार, रात्री ११:००

स्पंज मिळाला. मंडळी, ठाणे स्टेशनबाहेर शनिवारच्या गर्दीत एक अनोळखी सद्गृहस्थ तुमच्या हातात गटारासारखा वास येणारी काळी ओली पिशवी देतो आणि तुम्ही मनापासून "फार उपकार झाले" म्हणता, हा अनुभव घेण्यासारखा आहे. बसमध्ये शेजारची बाई उठून पुढे गेली.

चारही मासे दुकानात परत केले. पैसे मिळाले नाहीत. टाकी आता रिकामी, स्पंज फिल्टरमध्ये, रोज चिमूटभर खाद्य घालतोय जिवाणूंच्या पोटासाठी. घरी मला वेडा समजतात.

घोडबंदरकर | तीन आठवड्यांनंतर

धागा वर आणतोय. थेंबांचं टेस्टकिट आणलं. नळीत टाकीचं पाणी, दोन बाटल्यांतले थेंब, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि रंग कार्डाशी ताडून पाहायचा. रंग वाचायचं काम लेकीने स्वतःकडे घेतलंय; खिडकीशी जाऊन, एक डोळा मिटून बघते. पहिल्या आठवड्यात अमोनियाची नळी हिरवी होती. मग लिंबाच्या सालीसारखी. गेले सहा दिवस स्वच्छ पिवळी, म्हणजे शून्य. नायट्राइटही शून्य. कॅलेंडरवर तिने रोज त्या रंगाचा खडू ओढलाय, दुधाच्या हिशेबाशेजारी.

आज दुकानात गेलो (दुसऱ्या).

"डॅनिओ द्या, आठ."
"चार जोड्या?"
"नाही, आठ."
"तेच हो साहेब."

वाद घातला नाही. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, टाकीतलं थोडं थोडं पाणी आत घेतलं, मासे जाळीने काढून सोडले, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. लेक गेला तासभर मोजतेय. सात, नऊ, सात, सहा. एकदाही आठ आले नाहीत.

शेवाळ | त्याच रात्री

अभिनंदन! एक आगाऊ सूचना, सुट्टीची. मागच्या गणपतीत आम्ही नऊ दिवस गावी गेलो, शेजारच्या काकूंना चावी आणि खाद्याचा डबा दिला. परत आलो तर पाणी ताकासारखं. काकू म्हणाल्या, "अहो, मी आले की तोंड वासून काचेशी यायचे बिचारे, कसं राहवेल?" अर्धा डबा गेला होता. आता मी औषधाच्या पुड्या बांधतात तशा कागदाच्या पुड्या बांधून ठेवते, तीन दिवसांतून एक, आणि डबा कपाटात कुलपात. मोठे निरोगी मासे आठवडाभर उपाशी राहिले तरी काही होत नाही.

घोडबंदरकर | आणखी पंधरा दिवसांनंतर

चार प्लॅटी आल्या. सगळे बारा जिवंत. पाणी आठवड्याला दहा लिटर, ड्रममधलं, पेन लावून. एकदा आकडा ३९० आला त्या रविवारी बदललंच नाही.

एक शंका. तीन माद्यांपैकी एकीचं पोट चौकोनी दिसायला लागलंय आणि शेपटीच्या बाजूला पोटाखाली गडद डाग आहे. लेक म्हणते आजारी आहे, बायको हसतेय आणि काही सांगत नाहीये.

गोगलगाय | पाच मिनिटांनी

वहिनींना बरोबर कळलंय. जावा मॉस या पाणवनस्पतीचा एक गुच्छ टाका, पिल्लांना लपायला. आणि नातेवाइकांची यादी करायला घ्या.